तिसऱ्या वर्गाचं दार

शाम शुई पो वस्तीतल्या थिएटरात बिंग-फाय दारावर उभा असायचा. तिकीट फाडायचं, आणि तिसऱ्या वर्गाचा, म्हणजे सेन्सॉरने फक्त प्रौढांसाठी ठरवलेला, सिनेमा असला की ओळखपत्र बघून अठराच्या आतल्यांना परत पाठवायचं. त्या काळात हाँगकाँगमध्ये या वर्गाचं पीकच आलं होतं. कुठे खून पडला, की रक्त वाळायच्या आत या मेल्यांचा कॅमेरा तयार!

मग त्याच्याच पोरीचा खून पडद्यावर आला. वाय-लान सतरा वर्षांची होती. सिनेमात नाव तेवढं बदललेलं. गल्ली, जिना, तिला मारणारा घरमालक, सगळं तेच. मॅनेजर म्हणाला, सिनेमा उतरेपर्यंत रजा घे. बिंग-फायने घेतली नाही. घरी बसला असता तर बायकोने कारण विचारलं असतं.

बायकोला, सुक-हानला, त्याने सांगितलं होतं, की वाय-लान एकाच घावात गेली, तिला काही कळलंसुद्धा नाही. ओळख पटवायला शवागारात तो एकटाच गेला होता. त्यांच्या रिवाजाप्रमाणे पोटच्या पोराच्या अंत्यविधीला आईबापांनी जायचं नसतं, त्यामुळे सुक-हानने लेकीचं तोंड शेवटचं पाहिलंच नाही. ती माउली त्या एका वाक्यावर जगत होती. ते वाक्य टिकावं म्हणून त्याने घरचा पेपर बंद केला, शेजारणींच्या हातापाया पडला.

पण बाजारात कुणाकुणाच्या तोंडाला हात लावणार? एका दुपारी सुक-हान तिकीट घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. तो दारात आडवा झाला.

"सगळं खोटं आहे त्यात. घरी जा."

"खोटंच आहे, तर बघू दे की."

मागची पोरं म्हातारीच्या हौसेवर खिदळली. अठराच्या आतल्यांना अडवायचा नियम होता, आईला अडवायचा नव्हता. त्याने तिकीट फाडलं.

आतून किंकाळ्या आल्या, पाठोपाठ हशा. तो हशा तो रोज ऐकत होता. आज मात्र मोरीत जाऊन ओकला.

सिनेमा सुटल्यावर सुक-हान सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली आणि पायरीवर बसली. डोळे कोरडे होते.

"हे लोक वाढवून दाखवतात ना रे?"

"दाखवतातच. तिखटमीठ लावल्याशिवाय यांचा धंदा कसा चालेल?"

"यात किती वाढवलं?"

"जवळजवळ सगळंच," तो म्हणाला.

ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि घरी निघाली.

सेन्सॉरने कापून जे उरलं होतं, ते तिने पाहिलं होतं. जे कापलं होतं, ते बिंग-फायने शवागारात पाहिलं होतं.