हात कुठं जाणार?

समस्त जोयडा तालुक्यास अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, भाताच्या पेंढ्या स्वतः उचलून मळणारा रोबोट मी कागदावर पूर्ण केला होता. दुसऱ्या दिवशी पत्रा कापायला टाकणार होतो. उळवीला जाणाऱ्या जीपमध्ये मी तो आराखडा शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याच्या मांडीपर्यंत पसरला आणि भाषण ठोकलं.

पान चघळत त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग उजवा हात कागदावरच्या मळणीच्या दात्यांवर ठेवला. त्या हाताला अंगठ्याशिवाय एकही बोट नव्हतं.

"हितं पेंडी अडकली तर?"

"यंत्र बंद करून काढायची," मी ऐटीत म्हणालो. "तशी सूचना ठळक लिहिणार."

"माज्या मळणीमशीनवर बी लिवलेलं हुतं की वो. आभाळ भरून आलतं, भात खळ्यात उगडं. तवा कोन बंद करतंय?"

मी पेन्सिल पुढे केली. अंगठा आणि तळव्यात ती दाबून तो यंत्राच्या दात्यांभोवती सावकाश गोल काढू लागला. जीपला धक्का बसला, पेन्सिल निसटली, हात थेट कागदावरच्या दात्यांवर गेला आणि तो एकदम ओरडला,

"आदी मानसाचा हात कुठं जातोय त्ये बगा सायेब, मग मशीन करा!"