सोळाव्या मजल्यावरची बेडूकवाली

बेडूक मारायचा तर साम-कूनंच. टोपलीत हात घालायची, मागचे पाय धरून उचलायची, फळीवर आपटायची आणि तो भानावर यायच्या आत मान तोडून, मोजा काढावा तशी कातडी सोलून मोकळी व्हायची. गिऱ्हाईक तोवर खिशातून पैसेच काढत असायचं. क्वाय चुंगच्या बाजारात खायचे बेडूक विकणारे पुरुषही होते, पण रांग लागायची ती हिच्यापुढे.

साम-कू म्हणजे तिसरी आत्या, सगळे तिला तसंच म्हणत. तिचं खरं नाव लाय वाय-क्वान, पण त्या नावानं तिला हाक मारणारं माणूस, म्हणजे तिचा नवरा, डोंगरावरच्या झोपड्यांना आग लागली तेव्हा गेला. पोरीला बाहेर आणून सोडलं आणि म्हाताऱ्या शेजाऱ्याला काढायला परत आत शिरला, तो आलाच नाही. आगीत घर गेलेल्यांना सरकारनं नव्या इमारतीत खोल्या दिल्या. साम-कूला आणि तिच्या पोरीला, पिक-हाला, सोळाव्या मजल्यावर मिळाली. आमची खोली त्यांच्या शेजारची. मी तेव्हा नवी लग्न होऊन आलेली, खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्यांना केस लावायची.

पहिलं वर्षभर साम-कू गॅलरीतून भिंतीला घासत चालायची. कठड्याकडे बघायचीसुद्धा नाही.

"आ-लान," ती मला म्हणायची, "डोंगरावर आग लागली तेव्हा निदान पळता तरी आलं. इथून पळायचं कुठं? खाली की वर?"

आमची इमारत आतून पोकळ होती. चारी बाजूंनी खोल्या, खोल्यांपुढे गॅलरी, आणि मधे तळापासून आभाळापर्यंत उघडा चौक. कठड्यावरून वाकलं की खाली सिमेंट दिसायचं, वर चौकोनी आभाळ. पाचव्या मजल्यावर कुणी बायकोच्या कानाखाली वाजवली की आवाज विसाव्याला जायचा. वरून खाली काय काय पडायचं! हाडं, बाटल्या, एकदा तर चहाची किटली पडली, पाण्यासकट. खालून चालताना लोक डोक्यावर टोपली धरत.

पण खरी भीती लिफ्टची. दार बंद झालं की ती लोखंडी पेटी, आणि पेटीत तुमच्याबरोबर कोण आहे ते तुमचं नशीब. त्या वर्षांत पोरांच्या टोळ्या माजल्या होत्या. कलिंगड कापायचे लांब सुरे घेऊन लिफ्टमध्ये शिरत, बाईमाणूस एकटं दिसलं की गळ्यातलं, हातातलं उतरवून घेत आणि मधल्याच मजल्यावर ढकलून देत. जिना चढून जावं तर तिथं दिवे फोडलेले.

पिक-हा विगच्या कारखान्यात जायची. एकविशीची, अबोल पोर. एका संध्याकाळी कामावरून परतली तेव्हा मी गॅलरीत भाजी धूत होते. जिन्याच्या दारातून ती भिंत धरत धरत आली. उजवा हात कानावर दाबलेला, आणि बोटांमधून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. कानातलं ओढून घेताना पाळीच फाडली होती. वर पाठीवर सुरा चालवला होता. कारखान्याचा निळा सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत उसवल्यासारखा उघडा पडला होता, आणि त्याच्याखालची कातडीही.

साम-कू भात शिजवत होती. तिनं आधी चूल विझवली, मग पोरीला पालथं निजवलं. माझ्या हातातला पंचा ओढून घेतला आणि पाठीवर दाबून धरला.

"कोण?"

"तोंडाला रुमाल होता," पिक-हा म्हणाली. "पण ओढाताणीत तो सरकला आणि दात दिसले. क्वोकचा कीट होता, आई. मी त्याला नावानं हाक मारली म्हणून तर त्यानं वार केला."

क्वोकचा चुंग-कीट म्हणजे नवव्या मजल्यावरचा दातऱ्या कीट. त्याची आई, क्वोक वहिनी, दर सुट्टीला साम-कूबरोबर माहजोंगच्या सोंगट्या मांडून खेळायला बसायची. नवरा जहाजावर गेलेला तो तिकडचाच झाला होता, आणि हा एकुलता एक.

पोरीला दवाखान्यात टाके घालून आणलं, आणि साम-कू तशीच नवव्या मजल्यावर गेली. मीही मागोमाग.

"तुझा कीट कुठाय?"

"का? काय काम आहे?"

"माझ्या पोरीचा कान फाडलाय त्यानं. पाठ चिरलीय."

क्वोक वहिनीचा चेहरा पांढरा पडला, पण तोंड बंद राहिलं नाही. "माझ्या पोराचं नाव घेतलंस तर जीभ हासडीन! तुझी पोरगी कुणाबरोबर फिरते ते आधी बघ!"

पुढचं वाक्य झालंच नाही. साम-कूनं तिचे केस धरले, तिनं साम-कूचे. दोघी दारात आपटल्या, उंबऱ्यापुढची उदबत्त्यांची राख उधळली. क्वोक वहिनीनं साम-कूच्या दंडाचा चावा घेतला, साम-कूनं तिचं डोकं लोखंडी जाळीवर हाणलं. आम्ही चौघींनी सोडवल्या तेव्हा दोघींच्या मुठीत एकमेकींचे केस होते.

पोलीस आले. गॅलरीभर फिरून विचारलं, कुणी पाहिलं? कुणीच पाहिलं नव्हतं. लिफ्टमधलं कोण बघणार? पिक-हानं नाव सांगितलं, तर कीटचे चार सोबती शपथेवर सांगायला आले की तो आमच्याबरोबर सिनेमाला होता. सुटला. दुसऱ्या दिवशी तो चौकात उभा राहून वर बघून शीळ घालत होता.

त्यानंतर आमच्या मजल्यावरच्या बायकांनी ठरवलं. प्रत्येकीच्या दाराबाहेर कपडे वाळत घालायचा बांबू उभा असायचाच, आता त्याचं टोक तासून ठेवलं. लिफ्टमधून ओरडण्याचा आवाज आला की जी घरात असेल तिनं हातातलं काम टाकून लिफ्टच्या दारापुढे यायचं. लठ्ठ मुई, कोपऱ्यातल्या खोलीतली, ती म्हणाली, "येऊ दे तर एकदा. डुकरासारखा भाजते." आम्ही हसलो. साम-कू हसली नाही.

ते घडलं सणाच्या आदल्या संध्याकाळी. सगळीकडे जेवणं शिजत होती. साम-कू उरलेले बेडूक टोपलीत घेऊन बाजारातून येत होती. लिफ्टमध्ये कीट शिरला, बरोबर आणखी एक. दार बंद होताच कीटनं सुरा काढला. म्हणाला, "म्हातारे, तू माझ्या आईला मारलंस ना?"

साम-कूनं बटणाकडे हात नेला नाही, की ओरडली नाही. तिनं सुऱ्याचं पातंच डाव्या हातानं पकडलं. त्यानं ओढलं, तळहात हाडापर्यंत चिरला, तरी तिनं सोडलं नाही. उजव्या हातानं त्याचं डोकं लिफ्टच्या पत्र्यावर आपटत राहिली. एकदा, दोनदा, मोजत कोण बसलं होतं! त्याचा सोबती आठव्या मजल्यावर दार उघडताच पळाला.

आम्हाला पत्र्याचा तो धडधड आवाज खालून वर सरकत येताना ऐकू येत होता. मी चुलीवरची कढई तशीच उचलली.

दार उघडलं. आत सगळं लाल. साम-कूचे दात कीटच्या मनगटात रुतलेले, सुरा खाली पडलेला, टोपली चेंगरलेली. पायांतून बेडूक उड्या मारत गॅलरीत आले. कीट बाहेर पडायला धडपडला आणि मुईचा बांबू त्याच्या गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग मी कढई घातली त्याच्या पाठीवर. कुणी लाटणं आणलं होतं, कुणी सत्तूर, एकीनं उकळतं पाणी ओतलं. तो "आई, आई" ओरडत होता. पिक-हा दारात उभी होती, कानाला पट्टी, आणि नुसती बघत होती.

"बाजूला व्हा," साम-कू म्हणाली.

तिनं त्याला कमरेच्या पट्ट्याला धरून उचललं. आयुष्यभर डुचमळणाऱ्या टोपल्या उचललेले हात ते. वर्षभर भिंतीला घासून चालणारी बाई सरळ कठड्याशी गेली आणि तिनं त्याला पलीकडे लोटलं. पट्टा तेवढा तिच्या उजव्या मुठीत, आणि तो सोळा मजले खोल चौकावर उलटा लोंबकळत.

चारी बाजूंच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. वरून, खालून, समोरून. कुणीतरी ओरडलं, "सोड!" दुसऱ्यानं तेच म्हटलं. मग सगळा चौकच घुमू लागला, "सोड! सोड!" त्यातल्या कितीतरी बायकांची सोनं-साखळी त्या लिफ्टमध्ये गेली होती. कीटच्या पायातला बूट निसटला आणि एकेक मजला ओलांडत खाली गेला. नवव्या मजल्यावर क्वोक वहिनी कठड्याशी उभी होती. तिच्या डोळ्यांपुढून तो बूट गेला. तिनं वर पाहिलं.

लिफ्ट आमच्याकडे अडकली होती. क्वोक वहिनी अंधाऱ्या जिन्यानं सात मजले धावत चढली. आली तेव्हा तिला धाप लागून उभं राहवत नव्हतं. वाटलं, पाया पडेल, भीक मागेल. मुईनं बांबू आडवा धरला, तो तिनं हातानं बाजूला केला.

"साम-कू," ती म्हणाली, "टाकायचा तर टाक. पण थोडं थांब. मला खाली माझ्या दारात जाऊ दे. तो जाताना मला दिसेल. एकदा शेवटचा बघते."



नंतर बऱ्याच वर्षांनी साम-कू मला म्हणाली, "मी सोडणारच होते, आ-लान. हातांनी ठरवलं होतं. तिनं रडून भीक मागितली असती तर नक्की सोडला असता." पण त्या संध्याकाळी तिनं त्याला ओढून आत घेतला, आणि फरशीवर टाकला.

पुढचं कुणाच्याच मनात नव्हतं. क्वोक वहिनी पोरावर तुटून पडली. पायातली लाकडी सपात काढून त्याच्या तोंडावर, डोक्यावर, मोडक्या पायावर मारत सुटली. "कान फाडलास? पोरीचा कान फाडलास? मी खोटं बोलले तुझ्यासाठी! तिच्याशी झिंज्या उपटून भांडले तुझ्यासाठी!" त्याचे पुढचे दोन दात फरशीवर पडले. तो ओरडायचा थांबला तरी ती थांबेना. शेवटी साम-कूनंच तिचा हात धरला.

"पुरे. मरेल."

"मरू दे!"

"मग मी ओढून वर कशाला घेतला?"

पोलीस आले, विचारलं, कुणी पाहिलं? चारी गॅलऱ्यांमधून एकच उत्तर आलं. सणाचं जेवण चाललं होतं, साहेब, आम्ही सगळे आत होतो. कीटनंही सांगितलं, जिन्यावरून पडलो.

तो कुबड्यांवर घरी आला आणि घराबाहेर पडेनासा झाला. पण टोळी गप्प बसली नाही. एका सकाळी साम-कू चौकातून बाजाराला निघाली असताना गच्चीवरून गाडीची बॅटरी खाली आली. डोक्याचा नेम होता, खांद्यावर बसली. साम-कू कोसळली, आणि वरून बाटल्यांचा मारा सुरू झाला. सगळे आडोशाला पळाले. क्वोक वहिनी नळावर कपडे धूत होती. तिनं पत्र्याची परात डोक्यावर घेतली, धावत गेली, आणि साम-कूला काखेत धरून फरफटत छपराखाली आणलं. परातीला पोचे पडले होते, तिच्या पोटऱ्यांमध्ये काचा घुसल्या होत्या. त्या संध्याकाळपासून सहा महिने दोघी बोलल्या नव्हत्या.

साम-कूचा उजवा हात कायमचा लोंबता राहिला. बाजारात फळीपुढे पिक-हा बसू लागली. पहिल्या दिवशी तिला तीन वार लागले एका बेडकाला, आणि साम-कू शेजारी बसून शिव्या देत होती.

गच्चीवर आपले कोणते सोबती होते ते कीटनं पोलिसांना सांगितलं. स्वतःहून, आईला घेऊन चौकीत गेला. तिघं तुरुंगात गेले. त्यानंतर त्याला इथं ठेवणं शक्यच नव्हतं. आईनं त्याला चेंग चाऊ बेटावर मामाकडे धाडलं, जाळी विणायला. दोन वर्षं बरी गेली. मग टोळीतला एक सुटून आला. कीट सापडला तो होड्यांच्या धक्क्याजवळ, पाण्यात. अंगावर इतके वार होते की आईला त्याचा फक्त गुडघा दाखवला. मोडून वाकडा जुळलेला, त्यावरून तिनं ओळखलं.

बातमी आली त्या दुपारी साम-कू खाली नवव्या मजल्यावर गेली. क्वोक वहिनी कठड्याशी उभी होती, दोन्ही हात कठड्यावर, टाचा उचललेल्या. साम-कूनं तिच्या सदऱ्याची मागची बाजू डाव्या मुठीत धरली.

"माझा एकच हात चालतो," ती म्हणाली. "उगाच जोर करायला लावू नकोस."

"सोड मला."

"तुझा पोरगा माझ्या हातानं गेला असता तर मी आज इथं आले नसते. पण तो माझ्यासाठी गेला. आता तू माझ्या घरी जेवणार."

तिनं तिला वर आणलं. एका हातानं पेज रांधली, चमच्यानं भरवली. क्वोक वहिनीनं चमचा भिरकावला, वाटी साम-कूच्या तोंडावर मारली. कपाळ फुटलं. साम-कूनं दुसरी वाटी भरली. पिक-हा फरशी पुसत होती आणि रडत होती. तिला त्या माणसासाठी रडायचं नव्हतं, असं ती मला पुढे म्हणाली, पण रडू आलं खरं.

क्वोक वहिनी नवव्या मजल्यावर पुन्हा राहायला गेलीच नाही. कितीतरी वर्षांनी ती इमारत पाडली आणि सगळ्यांना नव्या, दुप्पट उंच इमारतींमध्ये पाठवलं, तेव्हा दोघींनी बहिणी म्हणून एकच घर मागून घेतलं.

मागच्या थंडीत मी त्यांना भेटायला गेले. पस्तिसावा मजला. लिफ्टमध्ये आरसा, कॅमेरा, गाणी. शेजारी कोण राहतं ते दोघींनाही माहीत नाही. मी आत गेले तेव्हा भांडण जुंपलेलं होतं.

"हिला सांग," साम-कू मला म्हणाली, "खिडकी उघडी टाकून वाऱ्यात बसते. खोकून खोकून मला झोपू देत नाही."

"आणि ही माहजोंगला लबाडी करते ते नाही सांगत," क्वोक वहिनी म्हणाली. "एका हातानं खेळते, तरी लबाडी करते!"

पिक-हानं चहा आणला. तिनं आता केस मागे बांधले होते, फाटलेला कान उघडा. मी चौथी भिडू म्हणून बसले. पहिला डाव साम-कूनं जिंकला, आणि क्वोक वहिनीनं तिच्या चांगल्या हातावर फटका मारला.