धुतलेलं चाक

ती घटना आठवली की मला अपघात आठवत नाही, मी विचारलेला एक प्रश्न आठवतो. साडेचौतीस वर्षांच्या नोकरीत हजारो प्रश्न विचारले. तो एक परत घेता आला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा मी इंदापूर तालुक्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. उसाचा हंगाम भरात होता. शेळगावच्या बाजूच्या रस्त्यावर सकाळी सहा दहाच्या सुमाराला एका बाईला वाहनाने उडवलं. पस्तिशीची बाई, डाळिंबाच्या बागेत खुडणीला निघाली होती. हातात भाकरीचा डबा होता. बारामतीला नेताना वाटेतच ती गेली. वाहन पसार, साक्षीदार शून्य. पंचनाम्यात रस्त्यावर पडलेली उसाची सहा कांडकी नोंदवली. त्या रस्त्याने रोज किमान साठ ट्रॅक्टर जायचे, त्यामुळे त्या कांडक्यांचा उपयोग काहीच नव्हता.

चौथ्या दिवशी बाजार होता. दुपारी ठाण्याच्या व्हरांड्यात एक बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली दिसली. वय साठीच्या आत. ठाणे अंमलदाराने दोनदा विचारलं, तर "सायबांनाच सांगायचंय" एवढंच म्हणाली. मी आत बोलावलं.

"बोला मावशी."

"सायेब, उसानं भरल्याला ट्रॅक्टर कुनी धुतंय का?"

मी शेतकऱ्याच्या घरातला. हसू आलं. "कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ट्रॅक्टरला पाणी लावायला सवड कुणाला असते?"

"ती बाई गेली त्या सकाळी आमच्या आंगनात धुतला. पुतन्यानं. नुसतं डावं चाक आन् मडगार्ड. मी धार काढीत हुते."

ती विधवा होती. दिराच्या घराला लागून दोन खोल्या, एक एकर रान, दोन गाई. बोलून झाल्यावर ती उठली, पुन्हा बसली.

"माझं नाव कुठं येऊ देऊ नका. हीर सामाईक हाय."

त्या तीन शब्दांत तिचा सगळा संसार होता. विहीर दिराच्या आवारात, मोटारीचा स्टार्टर त्याच्या भिंतीला. आठ दिवसांत तीन दिवस पाण्याची पाळी तिची. ती तुटली तर रान गेलं, गाई गेल्या. मी म्हणालो, "नाव येणार नाही." शब्द दिला.

पुतण्याला चौकशीला आणलं. अठ्ठावीसचा, धीट. "पावणेसहाला फडातनं निघालो. साडेसहाला कारखान्यावर लायनीत. इचारा कुनालाबी."

"मध्ये कुठं थांबलास?"

"भरल्याला ट्रॅक्टर मधी थांबवून काय आरती ओवाळायचीय का सायेब?" हवालदारसुद्धा हसला.

फड ते कारखाना अकरा किलोमीटर. ताशी पंधराचा वेग धरला तर पाऊण तास. त्याचा हिशेब बरोबर बसत होता. गेटवरची नंबर लावल्याची नोंद आणायला मी दुसरा हवालदार पाठवला होता. तो तासाभरात परतणार होता. तोवर थांबायचं होतं, बस. पण वरून दोनदा फोन आला होता आणि समोरचा गडी पायावर पाय टाकून बसला होता. मला ते सहन झालं नाही.

"भरलेला ट्रॅक्टर अंगणात का धुतलास?"

त्याचा पाय खाली आला. तोंड उतरलं. माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत तो हळूच म्हणाला, "म्हंजी चुलतीनं सांगितलं."

पुढच्या दहा मिनिटांत त्याने सगळं कबूल केलं. हवालदार म्हणाला, "सायेब, एका प्रश्नात फोडला की!" मलाही तसंच वाटलं, हे कबूल करतो. तासाभराने गेटची नोंद आली: आठ वीस. एक तास पन्नास मिनिटांचा फरक. ट्रॅक्टर ताब्यात घ्यायला तेवढं पुरे होतं. नंतर मडगार्डच्या आत नटाला अडकलेला साडीचा धागाही मिळाला, आणि तपासणीत तो जुळला.

मी नाव घेतलं नव्हतं. पण त्या अंगणात त्या वेळी धार काढणारी बाई एकच होती.

पंधरवड्यात तिची पाण्याची पाळी बंद झाली. तक्रार तिने केलीच नाही, मला बीट अंमलदाराकडून कळलं. मी दिराकडे गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "तुमी अपघाताचा तपास करा सायेब, पान्याचा नगं." वाद दिवाणी होता. स्टेशन डायरीत नोंद केली आणि परत आलो. वर नाव उघड झालंच आहे म्हणून दोषारोपपत्रात साक्षीदारांच्या यादीत तिला घातलं. ती चौथ्या क्रमांकाची साक्षीदार.

दोन वर्षांनी खटला उभा राहिला. ती एसटीने एकटी आली. बचावाच्या वकिलांनी विचारलं, "भावकीचा राग काढताय ना?"

"राग आसता तर त्याच दिशी आले आसते. तीन दिस घास उतरला न्हाय मला. त्याला कडंवर खेळिवलाय मी." मग आरोपीच्या कठड्याकडे न बघता म्हणाली, "ती बाई बी कामालाच निघाली हुती."

पुढे शिक्षा झाली. त्या दिवशी साक्षीनंतर कोर्टाबाहेर मला तिची माफी मागायची होती. तोंडातून आलं ते, "चहा घेता का?"

"नगं. धारंची येळ हुतीया." तोवर एकच गाय उरली होती.

नंतर नव्या फौजदारांना मी एक गोष्ट सांगत आलो. प्रश्न विचारण्याआधी मोजा, ही माहिती किती जणांना असू शकते. आकडा एक आला तर तो प्रश्न गिळा. धाडस म्हणून आम्ही छाती काढून उभे राहणारे बघतो. तिने भाजीच्या पिशवीत झाकून आणलेलं धाडस मला ओळखता आलं, पण जपता आलं नाही.

निवृत्तीनंतर मी बारामतीला राहतो. गेल्या वर्षी कळलं की रान पडीक टाकून ती पणदऱ्याला लेकीकडे आलीय. गेलो. तिने ओळखलं, तांब्याभर पाणी आणून दिलं. मी सगळं सांगितलं, प्रश्न, घाई, सगळं.

"व्हय, कळलं हुतं मला," ती म्हणाली. "पर तुमी मनाला लावून घेऊ नका. आज ना उद्या कोर्टात मला उभं ऱ्हावंच लागलं आसतं."

मी मान हलवली. खरं तर गेटची नोंद आणि धागा, या दोन गोष्टी पुरेशा होत्या. तिला उभं राहावं लागलं नसतं. एवढं मात्र मी तिला सांगितलं नाही.