उपासाला कशाला इन्सुलिन?

"मॅडम, शुगर बघा की! दोनशे दहाच हाय. ह्यापेक्षा जास्त असताना पोरगी कॉलेजला गेलीया."

गडहिंग्लजचे किराणा व्यापारी अप्पा मीटर माझ्या नाकासमोर धरून उभे होते. त्यांची लेक शिल्पा मंगळवार पेठेतल्या माझ्या छोट्या हॉस्पिटलात कॉटवर धापा टाकत होती. पहाटेपासून उलट्या. घरच्यांनी पित्तावर ढकललं होतं. मला तो खोल, घाईचा श्वास मुळीच आवडला नाही.

शिल्पाला टाइप वन डायबेटिस आहे. म्हणजे तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. ते बाहेरून घ्यावंच लागतं, जेवा की न जेवा.

"काल काय खाल्लं?"

"काय न्हाय. सोमवारचा उपास. पयलं साबुदाणा तरी खायची, आता लो-कार्ब, म्हंजे पिठूळ-गोड कमी, म्हणून तेबी बंद."

"आणि इन्सुलिन?"

"उपासाला कशाला इन्सुलिन? खाल्लंच न्हाय की."

रक्ताचा थेंब किटोनच्या पट्टीवर घेतला. आकडा वाईट होता. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळत सुटतं, त्यातून किटोन साचतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. यात जीव जातो. पोटात कार्ब नसले तर शुगर फारशी चढतही नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ताच लागत नाही.

सलाईन लावलं. इन्सुलिननं रक्तातलं पोटॅशियम उतरतं, म्हणून त्याचा रिपोर्ट बघूनच इन्सुलिन सुरू केलं, सोबत ग्लुकोज. बाटली बघताच अप्पांनी सिस्टरचा हात धरला.

"भाकरी सोडवली मी पोरीची, आणि तुम्ही नळीनं साखर घालताय व्हय? आमच्या मोबाईलवरच्या लो-कार्ब ग्रुपवर तर..."

"ग्रुपला बोलवा इथं! इन्सुलिन भरपूर द्यायचंय. ग्लुकोज नसेल तर शुगर तळाला जाईल. हात सोडा!"

मी चक्क ओरडले. त्यांनी हात सोडला. मग दर तासाला रिपोर्ट आणि अप्पांचा एकच प्रश्न, "वाचंल न्हवं?" मी "हो" म्हणत होते, पण खात्री मलाही नव्हती. संध्याकाळी श्वास मंदावला, तेव्हा कुठे मी खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मोबाईलवर शिल्पाच्या आधीच्या शुगरचा ग्राफ काढला. "पण हे बघा की. लो-कार्बनं शुगर कशी सरळ चाललीया."

ग्राफ खरंच चांगला होता. खोटं कशाला बोलू?

"काहींना फायदा होतो, अप्पा. पण अभ्यास छोटे आहेत, थोड्या काळाचे आहेत. आणि ग्रुपवर बोलतात ते ज्यांना जमलं ते. ज्यांचं बिघडलं, ते गप बसतात."

"मग बरोबर का चूक, ते सांगा."

"शिल्पासाठी? मला ठाऊक नाही."

डॉक्टरनं असं म्हणावं हे त्यांना पटलं नाही. उत्तर कॉटवरून आलं. "अप्पा, मला भाकरी पायजे. थोडी चालंल. आणि सोमवार मी सोडणार न्हाय."

मग तसंच ठरवलं. मोजून भाकरी, तिच्या मापाचं इन्सुलिन. उपासाला पोट बिघडलं तर शुगर बरी दिसली तरी किटोन तपासायचे. चोवीस तास काम करणारं इन्सुलिन मात्र उपासालाही सुटणार नाही, डोस मी सांगेन तो.

आता दर सोमवारी सकाळी अप्पांचा फोन येतो. "दिलं बघा." आणि लगेच ग्रुपवरचा एखादा नवा व्हिडिओ. लो-कार्बवर आमचं अजून एकमत नाही. इन्सुलिनवर आहे. पोरगी जगायला तेवढं पुरतं.