लांब समाधी

आम्हा लिंगायतांमध्ये माणसाला बसवून पुरतात. चौकोनी खड्डा, मांडी घातलेला देह, भस्म, वर माती. तरीही चाकूरकडच्या आमच्या रानात विहिरीशेजारी जी पणजोबांची समाधी म्हणून चुना फासून पुजली जायची, ती माणूस आडवा निजेल एवढी लांब होती. लहानपणी विचारलं की म्हातारे सांगायचे, "पणजा लई उंच होता." बसलेल्या माणसाच्या उंचीनं समाधी लांब कशी होईल, हे मला चुलत्याला त्याच रानात पुरताना पहिल्यांदा खटकलं. त्याच्यासाठी खणलेला खड्डा शेजारीच होता, चारी बाजूंनी सारखा. तेव्हा मी बोललो नाही. चांगला माल भाव आल्याशिवाय बाहेर काढायचा नाही, हे मी आडत बाजारात शिकलो होतो.

राग त्याच्याही आधीचा. वाटणीच्या वेळी "समाधी थोरल्याकडं" म्हणत चुलत्यानं विहीर आणि काळं रान ठेवून घेतलं. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या वाट्याला खडक आला. तो विकून ते लातूरला आले आणि बाजारात पोती उचलू लागले. त्याच बाजारात आज माझं आडत दुकान आहे. ते मला कुणी दिलेलं नाही.

आता अप्पा थकलेत. त्यांचं एकच मागणं, मरण आलं की त्या विहिरीजवळ बसवा. चुलता गेल्यापासून रान चुलतभावाकडे, अण्णाकडे आहे. मी त्याला सांगून पाहिलं, माणसं मध्ये घालून पाहिलं. "रान विकलेल्याला माती नसते," एवढंच त्याचं उत्तर.

सोयाबीनची आवक चालू असताना एक गोरी बाई दुकानात आली. पिकलेले केस, पायात धुळीनं भरलेले बूट. सोबत नांदेडचा ड्रायव्हर. गुरुद्वाऱ्याला येणारे कॅनडाचे पाहुणे फिरवून फिरवून त्याला इंग्रजी येऊ लागलं होतं.

"शेट, हिच्या वडिलांचा आजा निजामाच्या रेल्वेची मोजणी करायला आलता. तंबूतच पटकीनं मेला. बाई त्याची कबर हुडकून राहिली. चाकुरात लोक म्हणले, तुम्ही तिकडचेच."

बाईनं मोबाईलवर जुना फोटो दाखवला. एक लांब दगड, मागे विहीर आणि मोटेचे दोन खांब, त्यातला एक कललेला. त्याच कललेल्या खांबाला टेकून मी लहानपणी भाकरी खाल्ली होती.

"हे कुठलं हाय, माहीत हाय का?"

"बघू या," मी म्हणालो आणि गाडीत बसलो. वाटभर बाई फोटो मोठा करून करून बघत होती. मी मनात सौदा मांडत होतो.

गाडी बांधावर थांबवली. "हलू नका," असं दोघांना सांगून मी एकटा आत गेलो. अण्णा मळणीयंत्रापाशी होता.

"आला का बाजारातला शेट! गाडीत कोण बसवून आणलंय?"

मी सगळं सांगितलं. समाधी पणज्याची नव्हे, साहेबाची. फोटोही आहे. अण्णाचा चेहरा उतरला. आठवड्यावर समाधीची पूजा आली होती. सगळी भावकी जमणार, पहिला नारळ त्याच्या हातचा.

"तुझं म्हणणं काय?"

"अप्पांना विहिरीजवळ जागा. बाईला मी इथं न्हाई म्हणून परत पाठवतो."

तो विहिरीकडे बघत राहिला. "चुन्याखाली काय हाय, ते कुणी बघायचं न्हाई."

"न्हाई बघणार."

"मग घे जागा."

वर्षानुवर्षं अडलेली गोष्ट एवढ्यात मिटली. मी वळलो, गाडीकडे निघालो. मागून अण्णा गड्यांना म्हणाला, मला ऐकू जाईल असंच म्हणाला, "ह्याच्या बापानं जन्मभर हात पसरला. आता मढं पुरायलाबी पोराचा हात पसरून राहिला म्हातारा."

मळणीयंत्राशेजारी खुरपं पडलं होतं. ते उचलून मी सरळ समाधीवर गेलो आणि चुना खरवडायला लागलो. अण्णा धावत आला, त्यानं माझी कॉलर धरली. गड्यांनी आम्हाला वेगळं केलं, तोवर चुन्याचा पापुद्रा निघून खाली कोरलेली इंग्रजी अक्षरं दिसू लागली होती.

"आण रे बाईला!" मी ओरडलो. "सांग तिला, हाच तो!"

बाई बांधावरून धडपडत आली. बूट काढून तिनं बाजूला ठेवले, गुडघ्यावर बसली आणि अक्षरांवरून बोट फिरवत एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागली. नाव पुरं झालं तशी ती रडली. मग अण्णा म्हणाला, "आता ये माती मागायला."

घरी अप्पा बाजेवर जागेच होते. मी घडलं ते सांगितलं.

"जागा देतो म्हणला होता न्हवं?"

"हाव."

"मग?"

"तुम्हाला नाही नाही ते बोलला. मी ऐकून घ्यायचं?"

"मला बोलला की. तुला कुठं बोलला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "बाजारात लई ऐकून घेतलं मी. हेबी घेतलं असतं."

मी म्हणालो, लातूरला समाजाच्या दफनभूमीत, रुद्रभूमीत, चांगली जागा बघतो, झाडाखालची. चूक अण्णाची होती, हेही म्हणालो.

"बघ," अप्पा म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली.