गिझरच्या बटणाभोवतीची फट

सगळे त्याला तिखट म्हणत, पण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. धंदा टाइल्स बसवायचा. मात्र अर्धा जन्म दुसऱ्यांचे घोळ निस्तरण्यात गेला. त्यातही बाथरूममधल्या बटणाभोवतीचा टाइलचा काप चुकलेला दिसला की त्याच्या डोक्यात तिडीकच जायची. टाइल वाकडी बसली तर डोळ्यांना खुपते, हा काप चुकला तर माणूस जातो. ज्याला एवढं कळत नाही त्याने घरी बसून माशा माराव्यात, असं त्याचं स्पष्ट मत होतं.

त्या दिवशी त्याला एका निवृत्त नर्सबाईंनी बोलावलं. ओल्या हाताने गिझरचं बटण दाबायला गेल्या, झटका बसला आणि दारातच कोसळल्या. मनगट प्लास्टरमध्ये. वायरमनने मेन स्विच बंद करून सांगितलं होतं, आधी टाइलवाल्याला बोलवा.

तिखटने पाहिलं आणि त्याची तळपायाची आग मस्तकात गेली. भोक बटणाच्या प्लेटपेक्षा बोटभर मोठं. फटीत पांढरं सिमेंट कोंबलेलं, ते भेगाळलेलं, आणि अंघोळीचं पाणी थेट वायरींच्या डब्यात.

"कुठल्या गाढवाने केलं हे?"

"मुलीने माणूस लावला होता हो, मी तेव्हा गावाला होते. भला माणूस होता म्हणाली."

"भला! थोडक्यात वाचलात बाई, नाहीतर हा भला माणूस तुमच्या फोटोला हार घालायला आला असता."

शिव्या पुटपुटत त्याने टाइल उचकटली, उलटी केली आणि उजेडात धरली. कापाच्या चारही कोपऱ्यांवर आधी बारीक भोकं पाडून मग कटरचं पातं चालवलेलं. ही पद्धत दोघांचीच, एक तो आणि दुसरा त्याला ती शिकवणारा. आणि कापाच्या कलावरून कळत होतं, पातं डाव्या हाताने धरलेलं होतं. तिखट उजव्या हाताने काम करायचा. डावखुरा होता तो त्याला शिकवणारा दादा, त्याचा थोरला भाऊ.

दिवसभर खपून त्याने डबा कोरडा केला, नवी टाइल केसभरही फट न ठेवता बसवली. मग जुनी टाइल पिशवीत घालून तो तडक थोरल्या भावाकडे गेला आणि ती त्याच्यासमोर आपटली.

"बघ तुझे प्रताप!"

दादाने टाइलकडे पाहिलं नाही. कापावरून बोट फिरवलं. फिरवता फिरवता त्याचा चेहरा उतरला.

"कुणाला लागलं का रे?"

"बाई मरता मरता वाचली! डोळ्यांना दिसत नाही तर सांगायचं ना! मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू कटर काढून घेतला असतास."

"आत्ताच घेतो!"

दादा उठला. भिंतीला हात लावत गेला आणि कोपऱ्यातला कटर त्याने स्वतःच आणून दिला.

तिखट रागातच घरी आला. कटर ठेवता ठेवता अंगठा त्याच्या बटणावर गेला. बोटाला बटण सापडावं म्हणून दादाने तिथे घट्ट गोंदाचा एक थेंब चिकटवला होता. थेंब कधीचा होता कोण जाणे, झिजून गुळगुळीत झाला होता. आणि एवढ्या वर्षांत आपण एकदाही दादाचा कटर हातात घेतला नाही, याचा त्याला स्वतःचाच संताप आला.