आडावरचा नारळ

दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोड मलाही आहे आणि साळूबाईलाही होती. फरक इतकाच, की मी भांडण कुठवर आलंय ते बघायला डोकावते आणि ती चूल पेटली की नाही ते बघायची. म्हणून माझ्याकडे साऱ्या केडगावची खबर असते, आणि तिच्याकडे वस्तीतली सगळी माणसं होती.

आमच्या परसाला बाभळीचं कुंपण. त्यापलीकडे रंगनाथरावांचं खडकाळ रान. बहात्तरच्या दुष्काळात तिथं माणसं येऊन टेकली. कुणी श्रीगोंद्याकडची, कुणी पाथर्डीकडची. रंगनाथरावांनी हाकललं नाही. जिथं कुसळ उगवत नाही तिथं माणसं राहिली तर राहू देत, म्हणाले. साळूबाई काष्टीच्या बाजूची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दिराच्या संसारात अडगळ झालेली. बोचकं घेऊन एकटीच आली.

दिवसभर सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथली सुकडी खायची आणि संध्याकाळी पाण्यासाठी पार मळ्यातल्या विहिरीपर्यंत वणवण करायची. एवढे हाल सगळ्यांचे सारखे, तरी वस्तीच्या वरच्या अंगाची माणसं खालच्या अंगाच्या झोपड्यांशी बोलत नव्हती. वरच्या अंगाच्या लंकाबाईला तर त्यांची सावलीही खपायची नाही.

त्या रानात एक बुजलेला आड होता. एके दिवशी साळूबाई त्यात ओणवून बघताना दिसली. मी कुंपणावरून ओरडले, "अगं, जीव द्यायचा तर पाण्याच्या विहिरीत तरी दे! इथं नुसते गुडघे फुटतील."

"वहिनी, खाली वल हाय," ती म्हणाली. "समद्यांनी सावड केली तर पानी लागंल."

सावड म्हणजे आज माझ्या रानात तू राब, उद्या तुझ्या रानात मी. रान कुणाचंच उरलं नव्हतं, पण रीत हाडात मुरलेली. अडचण एवढीच, की ज्याचं काम त्यानं सावडीला आलेल्यांना जेवू घालायचं असतं. लंकाबाईनं नेमकं तेच काढलं. "आड कुनाचा? मंग जेवान कुनी घालायचं?"

"ज्यानं त्यानं आपली भाकर आनायची, नि समद्यांनी एका फडक्यावर ठिवायची."

"खालच्या अंगाचीबी?"

"मंग गाळ काय वरचा आन् खालचा येगळा उपसनार हाईस?"

लंकाबाई फुगून बसली. पण आडावर एवढी गर्दी आणि हसणंखिदळणं, तिला घरात करमेना. शेवटी आली, ती भाकरी पदराखाली लपवून. साळूबाईनं सगळ्यांदेखत तिचा पदर ओढला आणि भाकरी फडक्यावर टाकली. लंकाबाईच्या शिव्या मी कुंपणाशी उभी राहून मनसोक्त ऐकल्या. पण जेवली ती तिथंच.

वस्तीतला छगन दोराला धरून खाली उतरायचा, बाया घमेली ओढायच्या. पाणी लागलं तेव्हा छगन चिखलाचा गोळा होऊन वर आला आणि वेड्यासारखा हसत सुटला. मग साळूबाईचं डोकं फिरलंच. आडातल्या दगडांनी तिनं गल्ली बांधून घेतली. झोपड्या मागं सरकवून वाट रुंद केली. आडाला रहाट एक, दोर एक, आणि पाणी घरागणिक पाळीनं. वरचं अंग, खालचं अंग, सगळ्यांची घागर एकाच रांगेत.

मी चिडवलं, "साळूबाई, आता तुला सरपंच म्हणायचं की मुकादम?"

"सासू म्हना. समदी माज्याच नावानं बोटं मोडत्यात."

पण हे म्हणताना ती भलतीच खुलली होती. दिराघरची अडगळ म्हणून आलेली बाई अख्ख्या वस्तीची झाली होती. तिला दुसरं काही नको होतं.

आडाची पूजा करायची ठरली. छगन म्हणाला, "नारळ मावशीच्या हातनं."

साळूबाई मागं सरली. "मी बिनकुंकवाची. आन् जमीन रंगनाथरावांची. मालक गावात असताना आपन कसा फोडायचा? बोलवा त्यास्नी. टावेल-टोपी द्या."

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. रंगनाथराव आले, सोबत थोरला मुलगा गोरक्षनाथ. गावातली बरीच मंडळी जमली. रंगनाथरावांनी नारळ फोडला, ओंजळभर पाणी प्यायले, त्यांचे डोळे भरून आले. गोरक्षनाथ मात्र गल्लीतून फिरत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, आणि गोरक्षनाथाचा निरोप आला, जागा मोकळी करा. पाणी लागलेलं, वाट झालेली, पुण्याचा रस्ता जवळ. त्याला प्लॉट पाडायचे होते.

साळूबाई सगळ्यांना घेऊन देवळात पंचांपुढं गेली. मीही गेले, अशी बैठक मी सोडते होय?

"आड कुणी काढला?" पंचांनी विचारलं.

"आमी."

"नारळ कुणाच्या हातचा?"

साऱ्या माना रंगनाथरावांकडं वळल्या. ज्याचं काम, त्याच्या हातचा नारळ, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. साऱ्या गावानं पाहिलेलं.

"मान म्हनून बोलावलं हुतं, मालक," साळूबाई रंगनाथरावांकडं बघून म्हणाली. ते टोपी मांडीवर घेऊन तिची घडी घालत राहिले. आड मालकाचा ठरला, जागा सोडायला दिवाळीपर्यंत मुदत मिळाली.

परतताना गोरक्षनाथाला कुणी शिवी दिली नाही. लंकाबाई साळूबाईला म्हणाली, "लई मान तुजा. घाल आता त्यो मान चुलीत."

साळूबाई दारोदार फिरली. "नागापुराकडं जागा हाय म्हनत्यात. समदी संगट जाऊ. पुन्ना काढू आड." छगनला तिकडच्याच कारखान्यात काम लागलं होतं, खोलीही मिळाली होती. तो खाली बघून म्हणाला, "एकाचीच खोली हाय, मावशी." पाऊस झाला म्हणून बाकीचे गावाकडं वळले. लंकाबाई भर दुपारी गेली, साळूबाई आडावर असताना. कुंपणाशी मला बघून तिनं ओठावर बोट ठेवलं. मी सांगितलंच साळूबाईला.

"व्हय का," म्हणाली, आणि घागर उतरवायची तेवढी विसरली.

दिवाळीला तीही बोचकं घेऊन एकटीच नागापूरला गेली. उन्हाळ्यात मी तिकडं गेले तेव्हा तिला शोधलं. कारखान्यात झाडलोट करते, पत्र्याच्या चाळीत राहते. मी वाटेत जमवलेल्या सगळ्या कुचाळक्या सांगितल्या. ती हसली नाही. शेजारच्या दारातून एक बाई पोर कडेवर घेऊन गेली.

"ही कोण गं?"

"शेजारी ऱ्हाती."

"नाव काय?"

"न्हाई इचारलं."

तिनं माझ्यापुढं चहा ठेवला. पलीकडं ते पोर रडायला लागलं. साळूबाई उठली आणि आपलं दार लोटून आली.